कडीचा एलिचपुरी रुपया

अहो, आधी वाईट बातमी सांगून टाकते, म्हणजे मग जरा निवांत बोलता येईल. तुमचे रुपये धुतले गेले. चिंच आणि राख लावून, नारळाच्या शेंडीनं घासून, दोन पाण्यांतून काढून, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवले. पेटीत एकही काळा राहिला नाही. तुम्ही असता तर जेवला नसता, माझ्याशी बोलला नसता, शेवंतीच्या वाफ्यात जाऊन उगाच माती उकरत बसला असता. पण तुम्ही नव्हता. तुम्ही गेलात म्हणूनच ते धुतले गेले.

तुम्हाला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. लोक अजून येतात, बसतात, तुमच्याबद्दल बोलतात. कुणी म्हणतं, माणूस सरळ होता. कुणी म्हणतं, त्यांच्या हातचं संत्र्याचं कलम कधी वाया गेलं नाही. मी मान हलवते. अमरावतीच्या बाजारात फुलं आणि भाजी घालणारे तुम्ही सगळ्यांना ठाऊक. जुन्या रुपयांचं वेड होतं हेही ठाऊक, पण ते सांगताना लोक जरा हसतात. त्यामुळे मला ज्या गोष्टीसाठी रडायचं आहे, तिच्यासाठी सोबत रडेल असं इथं कुणी नाही. म्हणून या कागदावर तुमच्याशीच बोलते. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं लिहिणं-वाचणं तुमच्या संगतीत वाढलं, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

लग्नानंतरची ती दुपार आठवते ना? माझं माहेर एलिचपूरचं. आईनं सासरी पाठवताना गळ्यात माळ घातली होती, काळ्या दोऱ्यात लाल मणी आणि मधोमध कडी जोडलेला एक जुना चांदीचा रुपया. तो आईच्या गळ्यात होता, तिच्या आईच्याही. त्यावर काय लिहिलंय हे आमच्या घरी कुणी कधी विचारलं नव्हतं. मोगलाईतलं काहीतरी, एवढंच. त्या दुपारी तुम्ही जवळ येऊन बसलात आणि माझ्या गळ्याशी हात नेलात. मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीच झालं नाही. डोळे उघडून बघते तर तुम्ही तो रुपया बोटांवर घेऊन दाराच्या उजेडात तिरपा धरलेला.

“हलू नोको,” तुम्ही म्हणालात. “एलिचपूर पुरं दिसून राह्यलं.”

“काय दिसून राह्यलं?”

“तुया गावचं नाव. तुयं गाव तुया गळ्यात हाये, न तुले ठाऊक नाई?”

मग मला पहिला धडा मिळाला. दिल्लीच्या बादशहाच्या नावाचे रुपये एलिचपूरच्या टांकसाळीत पडायचे. ठसा मोठा असायचा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे गावाचं नाव बहुतेक रुपयांवर अर्धंच उतरायचं, बाकीचं कडेबाहेर जायचं. अर्ध्या नावाचे तुम्ही बरेच पाहिले होते. पुरं नाव असलेला एकही हाती लागला नव्हता, आणि तो नेमका बायकोच्या गळ्यात निघाला. फारसी अक्षरं तुम्ही बाजारामागच्या एका मौलवीसाहेबांकडून शिकला होता, रुपये वाचण्यापुरतीच. तुम्ही त्यांना गुलाबाचे हार द्यायचा, ते तुम्हाला अक्षरं द्यायचे. मला हे सगळं सांगताना तुमचा चेहरा इतका फुलला होता की माझं रुसायचं राहून गेलं. नवरा गळ्याशी हात नेतो तो रुपया वाचायला, हे मी पुढे कितीतरी वर्षं तुम्हाला ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही लाजलात.

आपल्याला मूल झालं नाही. दुसऱ्या घरात त्यावरून काय झालं असतं ते सांगायला नको. तुम्ही मात्र मला भिंग दिलंत आणि शेजारी बसवलंत. सकाळी फुलांची खुडणी उरकली, टोपल्या बाजाराकडे गेल्या, की ओसरीच्या पायरीवर आपण दोघं आणि मध्ये माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. दिव्याच्या उजेडात रुपया कधी बघायचा नाही, दिवा खुशामत करतो, असं तुम्ही म्हणायचा. रुपया कडेनं धरायचा, सकाळच्या उन्हात तिरपा करायचा आणि हळू फिरवायचा. टांकसाळीतून निघून थेट मडक्यात पुरला गेलेला रुपया असेल तर त्याच्यावरची चमक एका जागी थांबत नाही, ती फिरते. तो कोरा. बाजार पाहिलेला, पण ज्याचं अक्षर न अक्षर शाबूत, तो चालता. त्याच्या उंच जागा उजळ असतात आणि खोलगट जागी काळं बसलेलं असतं, त्या काळ्यामुळेच तर अक्षर वाचता येतं. अक्षरांच्या कडा बसल्या की तो झिजका. आणि नुसती चांदी उरली, हात फिरवला तर काही लागत नाही, तो गुळगुळीत. त्याच्याही खाली आणखी एक प्रत होती, पण तिला तुम्ही प्रत मानतच नव्हता. धुतलेला रुपया. तो सगळीकडून सारखा पांढरा दिसतो, चमक फिरत नाही, आणि भिंगाखाली बघितलं तर वखर फिरवल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. असा रुपया कुणी आणून दाखवला की तुम्ही दोन बोटांनी परत करायचा आणि म्हणायचा, “गेला हा.”

तुमच्यात एक खोड होती. आवडलेल्या रुपयाला तुम्ही एक प्रत वर चढवायचा. चांदूर रेल्वेकडच्या एका शेतकऱ्यानं नांगरताना सापडलेला रुपया आणून दिला होता, त्यावरून किती वाद घातलात.

“चालता हाये हा,” तुम्ही म्हणालात.

“चालता कशाचा? अक्षराच्या कडा बसल्या त्याच्या. झिजका.”

“अवं, जरा दयेनं पाह्य.”

“काहून? जावई हाये का तुमचा?”

तुम्ही हसलात, पण तो रुपया चालत्यांतच ठेवलात. मीही मग रोज येता-जाता त्याला जावईबापू म्हणू लागले. शेवटी तुम्हीच कंटाळून त्याला झिजक्यांत आणून ठेवलंत.

माझ्या गळ्यातल्या रुपयाला मात्र तुम्ही कधी दया दाखवली नाहीत. दर दिवाळीच्या आसपास तुम्ही तो उचलून बघायचा. यंदा हा ठिपका गेला, यंदा ही रेघ अंधूक झाली. आणि मग ठरलेलं बोलणं.

“काढून ठेव तो. मऊ कापडात बांधून ठेव. घामानं न लुगड्यानं रोज झिजून राह्यला.”

“मायीनं घालाले देला. बांधून ठिवाले नाई.”

“थोड्या सालात गुळगुळीत होईन.”

“होऊ द्या. मडक्यात पडून राह्यला तो कोरा, न तीन बायांच्या गळ्यात राह्यला तो गुळगुळीत. ज्यानं काईच केलं नाई त्याले तुमी पयला नंबर देता.”

“मी त्याचं अंग पाह्यतो, पुण्य नाई पाह्यत.”

तुम्ही माळ मात्र काढून घेतली नाहीत, हात पुढे केला असता तर मी अडवू शकले नसते. पण तुम्ही फक्त उचलून बघायचा, तोंड वाईट करायचा आणि परत माझ्या छातीवर ठेवायचा. हे भांडण आपण मिटवलं नाही. मला वाटतं मिटू नये असंच दोघांच्या मनात होतं. वर्षातून एकदा तुम्ही तो उचलायचा, तेव्हा तुमचा श्वास माझ्या गळ्याला लागायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलेलं बरंच आहे, त्यातलं हे एक.

अकोल्याची ती खेप आठवली की अजून हात सुखावतात. लढाई सुरू झाल्यावर चांदीला भाव चढला. सरकारनं राणीछाप रुपये परत मागवले, आणि लोकांनीही घरोघरची जुनी चांदी बाहेर काढली. त्या चांदीत हे मोगलाई रुपये असायचे. ते कुणाच्या लेखी रुपये नव्हतेच, नुसती चांदी. संत्र्याच्या टोपल्या घेऊन आपण बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो होतो, आणि तुम्ही मला तुमच्या ओळखीच्या सराफाच्या दुकानात नेलंत. मागच्या खोलीत कारागीर भाता मारत होता. शेजारी पोत्यावर तोडे, वाळे, गोठ आणि त्यांच्यात मिसळलेले रुपये, सगळे वितळायला मुशीत जायचे.

सराफ भला माणूस. तो म्हणाला, “कोळसे लाल होईस्तोवर काय निवडाचं ते निवडून घ्या. मंग मायाच्यानं थांबनं होणार नाई.”

आपण दोघं पोत्याशी बसलो. तुम्ही डोळ्यानं निवडत होता आणि मी बोटानं. पहाटे मोगरा खुडायची सवय माझ्या बोटांना, कळी किती टपोरी आहे ते न बघता कळतं. रुपयाचंही तसंच झालं. अक्षर उभं असलं की बोटाला लागायचं. तुमचा हात डावीकडे गेला की माझा उजवीकडे जायचा, एकदाही धक्का लागला नाही. भात्याचा आवाज वाढत होता आणि आपले हात चालत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपण खरोखर जोडपं आहोत असं मला त्या दुकानात वाटलं.

शेवटी शेवटी मी एक रुपया तुमच्यापुढे धरला. त्याच्यावर जुन्या सराफांनी पारखताना मारलेल्या बारीक बारीक खुणा होत्या, कुठे ठिपका, कुठे चांदणी.

“याले ठिवा,” मी म्हटलं.

“डाग हायेत त्याच्यावर. सोड.”

“डाग कसले? इतक्या जणांनी पाह्यला न खरा म्हटला, त्याच्या खुणा त्या.”

“सोड म्हणतो न.”

मी सोडला. कारागिरानं तो बाकीच्यांबरोबर ओतला. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडल्यावर तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, “त्याच्यावर साल पुरं होतं.” तेवढंच. तेव्हा मी ते सोडून दिलं, जे माझ्या स्वभावात नाही. पुढे मात्र व्याजासकट वसूल केलं. भाकरी जरा करपली आणि तुम्ही ताटात बाजूला सारली की मी म्हणायचे, डाग हायेत त्याच्यावर, सोडा. तुम्ही मुकाट्यानं खायचा.

मुशीची तुम्हाला जी धास्ती बसली, ती तेव्हापासून. आणि दुसरी धास्ती दिवाळीची. थोरल्या बाई, तुमच्या मोठ्या भावाची बायको, आपल्याच घरातल्या, एकाच चुलीवरच्या. लक्ष्मीपूजनाआधी घरातलं सगळं तांबं-पितळ-चांदी चिंचेनं उजळायचं, हा त्यांचा नेम. दर वर्षी त्या दारात येऊन म्हणायच्या, “भाऊजी, ते तुमचे काळे रुपये काढा न, उजळून देते मी.” आणि दर वर्षी तुम्ही हो हो म्हणत आदल्या दिवशी पेटी उचलून बगीच्यातल्या राखणीच्या खोपडीत नेऊन ठेवायचा. पूजेला नवा रुपया मांडायचा. पाडवा झाला की पेटी परत घरात.

“वयनीले एकदा समजावून सांगजो,” तुम्ही मला म्हणायचा.

“तुमची वयनी. तुमी सांगा.”

“तिनं मले लहानाचं मोठं केलं. तिले कसं सांगू का तू उजळतं म्हणजे नासवतं?”

मलाही ते सांगवलं नाही. त्यांचा जन्म भांडी उजळण्यात गेला, आणि त्यांच्याइतकी लख्ख भांडी अख्ख्या गल्लीत कुणाची नसायची.

यंदा पेटी खोपडीत गेली नाही. तुम्ही अंथरुणावर होता. ताप उतरायचा आणि परत चढायचा, डॉक्टर यायचे आणि बाटली बदलून जायचे. एका सकाळी मी तुमच्या पाठीला तेल लावत होते.

“हाडं लागून राह्यले न हाताले?” तुम्ही म्हणालात. “गुळगुळीत झालो मी.”

“कुठचे गुळगुळीत. चालते हाये अजून.”

तुम्ही मान वळवायचा प्रयत्न केलात. “अवं, दयेनं नोको पाहू.”

मी आणखी तेल हातावर घेतलं. तुम्हाला कळलं होतं. मलाही कळलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मी एक प्रत वर चढवली होती.

त्याच दिवशी तुम्ही नागपूरच्या गृहस्थांचा विषय काढलात. जुनी नाणी पारखून संग्रहालयात जपून ठेवण्याचं काम ते करतात, कुणीतरी त्यांच्या कानावर आपलं नाव घातलं होतं, आणि दिवाळीनंतर येऊन बघतो, चांगली असतील तर ठेवून घेतो, असा त्यांचा निरोप होता. तुम्ही किती वर्षं अशा माणसाची वाट बघितली होती. “काचेखाली राह्यतीन,” तुम्ही म्हणालात. “वऱ्हाडातले रुपये म्हणून एका जागी राह्यतीन. त्याईले सकाळच्या उजेडात दाखवजो. माया मांगं मुशीत जाऊ देजो नोको.” मी हो म्हटलं. तुम्ही दुसरं काही मागितलं नाहीत, शेतीचं नाही, घराचं नाही, माझ्यासाठीसुद्धा काही सांगितलं नाहीत. एवढं एकच मागितलंत.

आता पुढचं सांगायलाच हवं.

दिवाळीच्या तोंडावरच तुम्ही गेलात. दहाव्याला माझं मंगळसूत्र काढलं, त्याच्याबरोबर ती माळही काढली. थोरल्या बाईंनीच काढली. दोरा तोडला नाही, रडत रडत गाठ सोडली आणि माळ माझ्या मुठीत दिली. त्यांची माया लक्षात ठेवूनच पुढचं ऐका.

सुतक फिटताना घर धुवून निघतं. अंथरुणं, भांडी, देव, सगळं. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, भोवती बायका होत्या. विहिरीकडून घासण्याचा आवाज येत होता. तांब्याचा आवाज मला कळतो, पितळेचाही कळतो. मधूनच एक बारीक आवाज येऊ लागला, चांदीवर चांदी सरकावी तसा. मला वाटलं देवाची भांडी असतील. तो आवाज बराच वेळ येत राहिला, आणि आपल्या देवाला चांदीची भांडी अशी किती आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझं डोकं त्या दिवशी जागेवर नव्हतं.

संध्याकाळी थोरल्या बाईंनी मला हाताला धरून बाहेर आणलं. तुमच्या नावानं लावलेल्या दिव्यापुढे पितळेचं ताट होतं आणि ताटात तुमचे सगळे रुपये ओळीनं मांडले होते. पांढरेशुभ्र.

“पाह्य न, कशे उजळले,” त्या म्हणाल्या. “भाऊजीच्या जिवाचे रुपये, काळेठिक्कर पडले होते. सुतकाच्या घरात तसे कशे ठिवाचे? उद्या-परवा तेरवीले लोकं येतीन.”

त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. चिंच झोंबत असणार. मी एक रुपया उचलला. दिव्याच्या उजेडात बघायचा नसतो, तरी बघितला. तिरपा धरला, फिरवला. चमक जागची हलली नाही. दुसरा उचलला. मग तिसरा उचलला नाही.

“लय मेहनत घेतली, बाई,” मी म्हटलं.

त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. आम्ही दोघी एकाच माणसासाठी रडत होतो, पण तुम्ही त्या दिवशी दुसऱ्यांदा गेलात, हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

नागपूरचे गृहस्थ सांगितल्याप्रमाणे आले. मी त्यांना येऊ नका म्हणून कळवायला हवं होतं का? सुचलं होतं. पण तुम्हाला हो म्हटलं होतं. आणि खरं सांगू, मनात कुठेतरी वेडी आशा होती की भिंगाखाली काहीतरी वाचलेलं निघेल. एखादा अक्षराच्या कोनात काळा राहिला असेल. मी त्यांना ओसरीच्या पायरीवर बसवलं, लुगड्याचा तोच तुकडा अंथरला आणि म्हटलं, सकाळचा उजेड आहे, इथंच बघा. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. कुणाच्या हाताखालची आहे ते त्यांना कळलं असावं.

पहिला रुपया त्यांनी कडेनं धरला, तिरपा केला, फिरवला. अगदी तुमच्यासारखा. दुसरा जरा लवकर ठेवला. पुढचे भराभर बघितले. मग नुसतं आम्हाला वाईट वाटू नये म्हणून एकेक उचलून ठेवत राहिले.

“धुतलेत,” ते हळूच म्हणाले.

“हो, म्याच धुतले,” दाराआडून थोरल्या बाई म्हणाल्या. “एकटीनं. कोणाचा हात लागू देला नाई.”

गृहस्थांनी त्यांच्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “फार मनापासून धुतलेत,” ते म्हणाले. थोरल्या बाई समाधानानं चहा टाकायला आत गेल्या. त्या माणसाचे माझ्यावर या जन्माचे उपकार झाले.

मग ते माझ्याशी बोलले. “यजमानांनी निवड फार विचारानं केली होती. काही रुपये तर मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. पण अंग गेलं आता. आम्हाला घेता येणार नाहीत.”

अंग. तुमचाच शब्द. मी उठून आत गेले आणि माळ आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कडीला धरून रुपया उन्हात धरला आणि हळू फिरवला.

“हा नाही धुतला कुणी?”

“नाई. हा घालाचा होता.”

“एलिचपूर,” ते म्हणाले. “पुरं नाव आहे.” त्यांचा आवाज बदलला होता, आणि क्षणभर मला वाटलं, एक तरी काचेखाली जाईल. पण त्यांनी मान हलवली. “कडी जोडलेली आहे. आणि झिजलाय किती. असा घेत नाहीत, काकू.”

“प्रत कोणती देसान?”

त्यांनी माळ परत पुढे केली. मी ती घेतली नाही, तेव्हा म्हणाले, “गुळगुळीतच म्हणावा लागेल.”

तुमची आणि त्यांची प्रत जुळली. एवढा मोठा जाणकार आणि तुम्ही एका मताचे निघालात. ही गोष्ट मी तुम्हाला घरी येऊन सांगितली असती तर तुम्ही दिवसभर मिशीत हसत फिरला असता. ते चहा घेऊन गाडीला गेले.

त्यानंतर घरात काय बोलणं झालं असेल, ते तुम्ही ओळखलं असेल. तुमच्या भावाला चांदीचा लोभ नाही, तसं कुणी म्हणू नये. ते तुमच्या पेटीजवळ बसून लहान मुलासारखे रडले. थोरल्या बाई म्हणाल्या, “भाऊजीचा टाक करू. त्याच्याच चांदीचा. देवात बसवू.” घरातलं गेलेलं माणूस चांदीच्या पत्र्यावर उठवून देवात बसवायचं, ही आपल्या घराची रीतच आहे. तुमचे आई-वडील तिथं आहेत, आजा आहे. तुमचा टाक करू नका, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते? रुपये मुशीत घालू नका म्हणावं तर ते म्हणाले असते, मग काय करायचं, नागपूरकरांनीही नाही घेतले. आणि का, हे सांगायचं म्हणजे थोरल्या बाईंच्या सोललेल्या बोटांकडे बोट दाखवायचं. तुम्हाला जमलं नाही ते मलाही जमलं नाही.

सोनार घरीच आला. अंगणात कोळसे पेटवले, भाता लावला. मी आत जाऊन बसले. कोळसे लाल होईपर्यंतचा वेळ होता, आणि निवडण्यासारखं काही नव्हतं. एकाच टाकाला चांदी थोडी पुरली. उरलेल्या चांदीचं देवासाठी निरांजन केलं. एक रुपया उरला नाही. जावईबापूही गेले.

काल टाक देवात बसला. आधी थोरल्या बाईंनी तो माझ्या हातात दिला. पागोटं आहे, मिशा आहेत, हातात काठी आहे. तुमच्यासारखा दिसत नाही, सोनाराच्या साच्यातून निघालेल्या कुठल्याही पुरुषासारखा दिसतो. सवयीनं मी तो दाराच्या उजेडात तिरपा धरला. चमक फिरत होती. कोरा आहे. तुम्हाला पहिली प्रत मिळाली, आणि ती मी दयेनं दिलेली नाही. पण पुढच्या दिवाळीला थोरल्या बाई त्याला चिंच लावतील, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. तुम्हाला आता खोपडीत नेऊन लपवायचं कुणी? देवातून टाक काही मला उचलता येणार नाही.

थोरल्या बाई म्हणाल्या, तुया गळ्यातला रुपया बी टाकाशेजारी ठेव, जोडीनं राह्यतीन. त्या प्रेमानंच म्हणाल्या. मी नको म्हटलं. देवात गेला की तो उजळणार.

माळ मी कापडात बांधून ठेवली आहे. ओसरीवर अंथरायचो त्याच लुगड्याच्या तुकड्यात, मऊ आहे अजून. इतकी वर्षं तुम्ही सांगत होता, काढून ठेव, काढून ठेव. काढून ठेवली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आता तिला घाम लागत नाही, लुगडं लागत नाही. एलिचपूर जेवढं उरलंय तेवढं राहील. आता तो रुपया झिजणार नाही, आणि उचलून बघणारंही कुणी नाही.